युगांडातील शैक्षणिक पालकत्वाच्या मुलांना भेटायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती सेवाभावी कामाच्या निमित्ताने गेली बरीच वर्षे मी दक्षिण युगांडातील मसाका आणि क्योटेरा या जिल्ह्यांतील खेड्यांत जात आले आहे. ज्या मुलांच्या शाळेचा खर्च आपल्याकडील आणि परदेशातील काही मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी उचलला आहे, त्यांना वर्षातून एकदा शाळेत आणि घरी जाऊन भेटणे, हे माझे काम आहे. सोबत येऊ इच्छिणारे देणगीदार आणि नवे कार्यकर्ते दरवेळी जवळजवळ तेच प्रश्न विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून काढली आहेत.

आपल्याकडे गरज थोडी आहे का? मग आफ्रिका कशाला?

हा प्रश्न सर्वांत आधी येतो, आणि तो विचारणारा बहुधा नगरचा किंवा मराठवाड्याचा असतो. गरज आपल्याकडे आहेच, आणि आमच्या मंडळीचे (चर्चचे) इकडचे काम बंद करून तिकडचे चाललेले नाही. परंतु हा प्रश्न मराठी ख्रिस्ती माणसाने विचारावा, याचे मला थोडे नवल वाटते. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरात अमेरिकन मराठी मिशनने जी अनाथ मुले सांभाळली, त्यांचा खर्च अमेरिकेतील अनोळखी कुटुंबांनी पाठवलेल्या वर्गणीतून चालत असे. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींचे अन्नवस्त्रही बऱ्याच अंशी अशाच दूरच्या देणग्यांवर चालले. आमच्या मंडळीतील कित्येक कुटुंबांची वंशावळ दुष्काळातील अनाथाश्रमाच्या रजिस्टरापाशी येऊन थांबते, त्यामागे जाताच येत नाही. कोणी तरी समुद्रापलीकडून पैसे पाठवतो आणि त्याचा माणूस येऊन आपल्याला न्याहाळून जातो, हा अनुभव आपल्या पणजोबा-पणज्यांनी समोरच्या बाजूने घेतलेला आहे. आता आपण पाहणाऱ्याच्या जागी आहोत, एवढे ध्यानात ठेवले तर पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

मसाकाचाच भाग का निवडला?

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावरील कासेन्सेरो या मासेमारीच्या गावात १९८२ च्या सुमारास लोक एकाएकी खंगून मरू लागले. गावकऱ्यांनी त्या आजाराला 'स्लिम' म्हणजे रोडावण्याचा रोग असे नाव दिले. तोच पुढे एड्स म्हणून ओळखला गेला. त्या काळी हा सगळा राकाई जिल्हा होता, आता कासेन्सेरो क्योटेरा जिल्ह्यात येते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या पट्ट्यातील तरुण आईबापांची एक पिढीच्या पिढी गेली आणि नातवंडे आजीच्या पदरात राहिली. अनेक मंडळ्यांनी मुलांचे शैक्षणिक पालकत्व सुरू केले ते तेव्हा.

आज चित्र बदलले आहे. औषधे मिळतात, आणि आमच्या यादीतील बहुतेक मुलांचे आईवडील हयात आहेत. तरीही घरी गेल्यावर दारात भेटते ती आजीच, कारण आईवडील कामासाठी राजधानी कंपालाला गेलेले असतात. लुगांडा भाषेत आजीला आणि आजोबांनाही 'जाज्जा' म्हणतात. हा एक शब्द पाठ करून गेलात तरी निम्मे काम होते.

युगांडात प्राथमिक शिक्षण मोफत आहे असे वाचले. मग पैसे जातात कशात?

युगांडाने १९९७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केले आणि एका वर्षात पटावरील मुलांची संख्या सुमारे ३१ लाखांवरून ५३ लाखांवर गेली. २००७ मध्ये माध्यमिक शिक्षणासाठीही तशी योजना आली. हे काम लहान नव्हते. पण 'मोफत' याचा अर्थ सरकार शिकवणीची फी घेत नाही, एवढाच आहे. गणवेश, वह्या, दुपारची लापशी, परीक्षेचे पैसे आणि शाळेच्या इमारतीसाठीची वर्गणी हे सारे घरावरच पडते. वसतिशाळा असेल तर सत्राच्या सुरुवातीला एक यादी हातात येते, तिला तिकडे सगळेच 'रिक्वायरमेंट्स' म्हणतात. तिच्यात गादी, बादली, कुदळ, खराटा, टॉयलेट पेपरचे रोल आणि कोऱ्या कागदांचे रीमसुद्धा असते. पहिल्यांदा ती यादी पाहिल्यावर ही शाळेची आहे की किराणा दुकानाची, असा प्रश्न मला पडला होता. गादी नाही म्हणून पोर आठवडाभर घरी बसलेले मी पाहिले आहे, त्यामुळे आता त्या यादीला हसू येत नाही.

शिवाय करोनाच्या काळात युगांडातील शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या आणि मधले काही वर्ग सोडता पूर्णपणे उघडल्या त्या १० जानेवारी २०२२ रोजी. जगात इतका दीर्घ काळ शाळा कोठेच बंद नव्हत्या. त्या दोन वर्षांत कितीतरी मुली आई झाल्या आणि मुलगे वीटभट्ट्यांवर किंवा 'बोडाबोडा' म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलींवर गेले. वर्गात आज एखादा मुलगा बाकीच्यांपेक्षा हातभर उंच दिसला, तर त्यामागे ती दोन वर्षे असण्याची शक्यता बरीच असते.

मी ज्या मुलीचा खर्च करतो तिला 'माझी दत्तक मुलगी' म्हणावे का?

म्हणू नये. आपल्याकडे 'दत्तक पालक योजना' हे नाव रूढ आहे आणि त्यामागची भावना चांगलीच असते. पण ती मुलगी तिच्या घरची आहे, आपण तिची फी भरतो. सुरुवातीच्या काळात गावांत अशी अफवा होती की यादीत नाव आलेल्या मुलांना पुढे 'बुलाया'ला नेतात. बुलाया म्हणजे युरोप. गंमत अशी की हा शब्द आणि आपला 'विलायत' हे दोन्ही एकाच अरबी शब्दातून आले आहेत. मुले विलायतेला पळवून नेतील ही भीती दुष्काळाच्या दिवसांत आपल्याकडेही होती, हे जुन्या माणसांकडून ऐकलेले असेल.

प्रवासाची तयारी काय करावी?

पीतज्वराची लस घेतल्याचे प्रमाणपत्र युगांडात शिरताना लागते आणि भारतात परतताना तर त्याहून कटाक्षाने पाहिले जाते. ते नसल्यास परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते आणि आता ते आयुष्यभर चालते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कराव्यात आणि परतल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्यात, मधेच सोडू नयेत. सरोवराच्या पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा, कारण त्यातून बिल्हार्झिया या परजीवी कृमींच्या रोगाचा संसर्ग होतो. व्हिसा ऑनलाइन निघतो. एंटेबे विमानतळावरून कंपाला आणि तेथून विषुववृत्त ओलांडून मसाका, हा रस्ता डांबरी आहे. त्यापुढे मात्र तांबडी माती सुरू होते. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या पावसाळ्यांत ती माती गाडीला धरून ठेवते, म्हणून आम्ही शक्यतो जून-जुलैत जातो.

भेटीची वेळ कशी ठरवावी?

शाळेचे वर्ष फेब्रुवारीत सुरू होते आणि तीन सत्रांत डिसेंबरपर्यंत चालते. सुट्टीत गेल्यास मूल भेटते पण शाळा पाहता येत नाही, आणि नोव्हेंबरच्या तोंडावर गेल्यास सातवीची मुले त्यांच्या शालान्त परीक्षेच्या दडपणाखाली असतात. ती परीक्षा इंग्रजी, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र या चार विषयांची असते, आणि गुणांची बेरीज जितकी कमी तितका निकाल चांगला. सर्वांत उत्तम बेरीज ४ आणि सर्वांत वाईट ३६. "माझ्या मुलाला फक्त आठ मिळाले" म्हणून एका देणगीदारांनी खेदाचे पत्र लिहिले होते. त्या पोराने शाळेत पहिला नंबर काढला होता.

आता घड्याळाविषयी. लुगांडा भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपल्या सकाळच्या सातला ते एक वाजला असे म्हणतात आणि नऊला तीन वाजले असे म्हणतात. हे मला ऐकून ठाऊक होते, पण ऐकलेले आणि अंगवळणी पडलेले यांत अंतर असते. पहिल्याच वर्षी एका आजीबाईंनी मुलीकरवी "तीन वाजता या" असा निरोप पाठवला आणि मी दुपारी तीनला पोहोचले. अंगण सकाळीच झाडून ठेवलेले होते, केळीच्या पानात बांधलेले मटोके, म्हणजे भाजीची केळी, सहा तास चुलीवर वाफेत ठेवून पार काळवंडले होते, आणि नात शाळा बुडवून नव्या गणवेशात ओसरीवर बसून होती. कोणी एका शब्दाने बोलले नाही. तेव्हापासून मी वेळ ठरवताना "सूर्य कोठे असेल" असे विचारते, आणि मग दोन्ही बाजू हसतात.

गावात गेल्यावर आधी कोणाला भेटावे?

थेट मुलाच्या घरी जाऊ नये. आधी स्थानिक पाळक (चर्चचे धर्मगुरू) किंवा आमचा तेथील कार्यकर्ता, मग गावपातळीवरील स्थानिक परिषदेचा अध्यक्ष, ज्याला तिकडे सगळे 'एलसी वन' म्हणतात, आणि शाळेत असाल तर मुख्याध्यापक. आपल्याकडे सरपंच आणि पोलीस पाटील यांना डावलून कोणी परका माणूस वस्तीवर फिरू लागला तर जे होईल, तेच तेथेही होते. प्रत्येक ठिकाणी अभ्यागतांची वही समोर येते, आणि तीत तारीख, नाव, पत्ता, कामाचे स्वरूप आणि शेरा असे सगळे रकाने भरावेच लागतात. शाळेतच नव्हे, काही घरांतही अशी वही असते. शाळेच्या साध्या वहीवर पट्टीने रेघा मारलेल्या असतात, आणि वरच्या ओळीत आरोग्य कार्यकर्तीची व त्याखाली आपलीच गेल्या वर्षीची सही दिसते. शेऱ्याच्या रकान्यात घाईने 'छान' असे लिहू नये. ती वही नंतर घरातले सगळे वाचतात.

अभिवादनाला वेळ द्यावा. 'जेबाले को' हे नमस्कारासारखे वापरले जाते आणि त्याचा अर्थ साधारणपणे 'केलेल्या कामाबद्दल आभार' असा आहे. वाटेत खुरपणी करणाऱ्या बाईला ती काय करते आहे हे न विचारता आधी तिच्या कष्टाचे आभार मानायचे, ही रीत मला फार आवडते. मुली आणि स्त्रिया मोठ्या माणसांना गुडघे टेकून अभिवादन करतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला अवघडल्यासारखे होते आणि तो मुलीला हाताला धरून उठवू लागतो. तसे करू नये. आपल्याकडे सून वाकून नमस्कार करताना कोणी परदेशी पाहुण्याने तिचे खांदे धरून तिला सरळ केले तर कसे दिसेल, याची कल्पना करावी.

भारतीय म्हणून आपल्याकडे कसे पाहिले जाते?

मुले गाडीमागे "मुयिंदी, मुयिंदी" म्हणून धावतात. मुयिंदी म्हणजे भारतीय. मोठ्या माणसांच्या मनात भारतीय म्हणजे दुकानदार किंवा साखर कारखान्याचा मालक. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितले, त्याची आठवण ज्येष्ठांना आहे, आणि त्याआधी गोव्यातून आलेले कारकून व शिंपी ओळखीचे असलेले काही वृद्धही अजून भेटतात. पुढे काही भारतीय परतले, नवेही आले. त्यामुळे मसाकाच्या बाजारात आपल्याला पाहून कोणी आधी साखरेचा भाव विचारला तर रागावू नये.

भारतीय माणूस ख्रिस्ती असू शकतो, हे मात्र अनेकांना खरेच वाटत नाही. एका वृद्ध धर्मशिक्षकांनी मला प्रभूची प्रार्थना माझ्या भाषेत म्हणून दाखवायला सांगितली, आणि ती पूर्ण होईपर्यंत टोपी हातात धरून उभे राहिले.

घरी गेल्यावर नेमके काय पाहावे? तपासणी करायला आल्यासारखे वाटू नये, आणि तरी देणगीदाराला उत्तरही द्यायचे आहे.

हे खरे अवघड आहे, आणि यावर मी थोडे विस्ताराने लिहिते.

पहिली गोष्ट नावांची. नवे कार्यकर्ते यादी हातात घेऊन पाहतात तर भावाचे आडनाव एक, बहिणीचे दुसरे आणि वडिलांचे तिसरेच, आणि मग कागदपत्रांत घोटाळा असल्याची शंका त्यांना येते. घोटाळा नसतो. बुगांडात, म्हणजे लुगांडा बोलणाऱ्यांच्या या प्रदेशात, आडनाव बापाकडून मुलाकडे जात नाही. प्रत्येक कुळाची स्वतःची नावे असतात आणि त्यांतले एक मुलाला दिले जाते, सोबत बाप्तिस्म्याचे नाव येते. कूळ ओळखायचे ते नावावरून आणि कुळाच्या चिन्हावरून. कोणाचे चिन्ह माकड असते, कोणाचे फुप्फुसमासा, कोणाचे नाकतोडा. आपल्या कुळाचे चिन्ह खायचे नाही आणि आपल्याच कुळात लग्न करायचे नाही. देवकाची कल्पना ज्यांना घरून ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट, मुलाची वही. गुणपत्रक शाळा देते आणि ते बहुतेक वेळा व्यवस्थितच असते, पण वही खोटे बोलत नाही. शेवटचे लिहिलेले पान उघडून त्यावरील तारीख पाहावी. तारखांमध्ये तीन आठवड्यांची दरी असेल तर मूल आजारी होते, की कॉफी तोडायला गेले होते, की वहीच संपली होती, हे आजीला विचारावे, मुलाला विचारू नये. एका मुलीच्या गणिताच्या वहीत प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ होती. ती सौंदर्यासाठी असावी असे मला वाटले. तिने एकाच पानाची दोन पाने केली होती, म्हणजे वही दुप्पट चालावी. त्या सत्रात आमच्याकडून तिला चार वह्या मिळायला हव्या होत्या आणि दोनच पोहोचल्या होत्या. हे आम्हाला कोणत्याही अहवालातून कळले नसते.

तिसरी गोष्ट, पाणी. दारात पिवळा वीस लिटरचा जेरीकॅन असतोच. तो कोण भरते, किती दूरून आणि शाळेच्या आधी की नंतर, एवढे विचारले की मुलीचा दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो. मच्छरदाणी आहे का आणि ती खाटेवर आहे की कोंबड्यांच्या खुराड्यावर, हेही सहज दिसते. खुराड्यावर असली तर उपदेश करू नये. कोंबड्या मेल्या तर सत्राची वर्गणी बुडते, हा त्यांचा हिशेब आपल्याला पटला नाही तरी तो हिशेब आहे.

आणि पहिली ते तिसरीपर्यंत शाळा स्थानिक भाषेत शिकवते. लहान मूल इंग्रजीत उत्तर देत नाही म्हणून शाळा वाईट, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. आपल्याच मुलांबाबत आपण हे किती वेळा केले आहे!

भेट म्हणून काय न्यावे?

आजीसाठी साखर, कपडे धुण्याच्या साबणाच्या लांब वड्या आणि मीठ. हे मसाकातच विकत घ्यावे, म्हणजे ओझेही नको आणि पैसाही तेथेच राहतो. मुलाच्या हातात रोख रक्कम देऊ नये. मोठी वस्तू द्यायची असेल तर ती स्थानिक समितीमार्फत, पावतीसह आणि भावंडांचा विचार करून द्यावी. एका घरात सहा मुलांपैकी एकाचेच नाव यादीत असते, आणि त्या एकालाच रंगीत दप्तर मिळाले की त्या संध्याकाळी घरात काय होते, ते पाहायला आपण थांबलेले नसतो. मी आता दप्तराऐवजी चेंडू नेते.

याउलट, तुम्हालाही काही दिले जाईल, आणि ते घ्यावे लागेल. कधी अंडी, कधी अननस, कधी पिकलेला फणस, ज्याला तिकडे 'फेने' म्हणतात आणि जो कोकणातल्या माणसाला तेथे भेटला की त्याचे डोळे भरून येतात. आणि कधी पाय बांधलेली जिवंत कोंबडी. "नको, तुमच्याकडेच राहू द्या" असे म्हणणे आपल्याला सौजन्याचे वाटते. यजमानाला तो नकार वाटतो. कोंबडी घ्यावी, आभार मानावेत आणि पुढच्या गावी पाळकांच्या घरी ती द्यावी.

छायाचित्रे काढता येतील का?

मुलाची आणि घरच्यांची, दोघांची परवानगी घेऊन काढता येतील. समाजमाध्यमांवर टाकताना मुलाचे पूर्ण नाव, शाळा आणि गाव एकत्र कधीही देऊ नये. गाडीतून उतरण्याआधीच कॅमेरा बाहेर काढू नये. आणि घरच्यांना कपडे बदलायला वेळ द्यावा. शेतातून नुकतेच आलेले, मातीने माखलेले मूल देणगीदाराला अधिक 'परिणामकारक' वाटते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हा नियम केला आहे. तुमच्या घरी कोणी तुमचे छायाचित्र काढायला आले, तर तुम्ही आधी तोंड धुवाल की नाही?

मुलाला हॉटेलात जेवायला किंवा शहर दाखवायला नेता येईल का?

नाही. मुलासोबत एकट्याने राहणे, त्याला गाडीतून कोठे नेणे, स्वतःचा फोन क्रमांक देणे किंवा समाजमाध्यमांवर जोडून घेणे, यांपैकी काहीही चालणार नाही. हा नियम तुमच्यावरच्या अविश्वासातून आलेला नाही, पण तुम्ही विश्वासू आहात म्हणून तो शिथिलही होणार नाही. पत्रे कार्यालयामार्फतच जातील.

प्रार्थना आणि साक्ष यांचे काय? घरचे मुसलमान असतील तर?

२०१४ च्या जनगणनेनुसार युगांडात सुमारे ३९ टक्के कॅथलिक, ३२ टक्के अँग्लिकन, ११ टक्के पेन्टेकॉस्टल आणि सुमारे १४ टक्के मुसलमान होते. मसाका तर कॅथलिक इतिहासातले महत्त्वाचे ठिकाण आहे. आधुनिक काळातले पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकन कॅथलिक बिशप जोसेफ किवानुका १९३९ मध्ये येथेच नेमले गेले. त्यामुळे तेथील लोकांना ख्रिस्त ही काही आपण नेऊन द्यायची बातमी नाही. प्रार्थना बहुधा यजमानच सुरू करतात, आणि ती आपल्यापेक्षा लांब असते.

मुसलमान घरांतील मुलेही आमच्या यादीत आहेत, आणि फी भरण्यासाठी उपासनेला येण्याची अट कोणालाही नाही. यावर आमच्याच मंडळीत वाद झालेला आहे. माझे मत स्पष्ट आहे. तांदळासाठी ख्रिस्ती झाले, हा टोमणा ज्यांच्या आजोबांनी आयुष्यभर ऐकला, त्यांनी तो दुसऱ्या कोणाला ऐकायला लावू नये. आजीने विचारले तर आपण का आलो ते सांगावे. न विचारल्यास चहा प्यावा.

शाळेत शिक्षक छडी वापरताना दिसले तर?

युगांडात २०१६ च्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेला बंदी आहे, तरी छडी दिसते. वर्गात सर्वांसमोर शिक्षकांना हटकू नये, कारण त्याचा राग तुम्ही गेल्यावर मुलांवरच निघतो. मुख्याध्यापकांशी त्याच दिवशी एकांतात बोलावे आणि कार्यालयाला लेखी कळवावे. एका शाळेत मी आवाज चढवला होता. पुढच्या वर्षी त्या वर्गातल्या मुलांनी मला पाहून मान खाली घातली.

या सगळ्याचा खरोखर उपयोग होतो का?

२०१३ मध्ये 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी' या नियतकालिकात सहा देशांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत युगांडा आणि भारत दोन्ही होते. कंपॅशन इंटरनॅशनल या ख्रिस्ती संस्थेकडून लहानपणी मदत मिळालेली आणि आता प्रौढ झालेली माणसे त्यात तपासली होती. त्यांचे शालेय शिक्षण तशी मदत न मिळालेल्यांच्या तुलनेत साधारण एक ते दीड वर्षाने अधिक झालेले आढळले. हे आकडे चमत्काराचे नाहीत, पण भरवशाचे आहेत. मात्र आपण वर्षातून एकदा जाऊन भेटल्याने त्यात किती भर पडते, हा वेगळा प्रश्न आहे. माझ्या मते भेटीचा मुलाला होणारा फायदा थोडा असतो, संस्थेला होणारा मोठा असतो, कारण वही पाहिल्याशिवाय वह्या पोहोचल्या नाहीत हे कळत नाही. तुमच्या विमानाच्या तिकिटाच्या पैशांत तेथील कित्येक मुलांचे वर्ष निघेल, हेही मी प्रत्येकाला आधीच सांगते. काही जण ते ऐकून येण्याचे रद्द करतात आणि पैसे पाठवतात. मी त्यांचे मनापासून आभार मानते.

भारतातून पैसे पाठवणे कायदेशीर आहे का?

व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, आणि देणगी त्यात बसते. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही. भारतातील न्यासाने परदेशात खर्च करायचा असेल तर नियम वेगळे आणि कडक आहेत, म्हणून मंडळीच्या खात्यातून परस्पर पैसे पाठवण्याआधी सनदी लेखापालांना विचारावे.

मला मधेच मदत थांबवावी लागली तर?

निदान एक पूर्ण सत्र आधी कळवावे. हे हलक्याने घेऊ नये. २०१७ मध्ये परदेशी निधीच्या नियमांमुळे वर उल्लेख केलेल्या कंपॅशन संस्थेला भारतातील काम बंद करावे लागले, तेव्हा सुमारे १ लाख ४५ हजार मुलांची मदत थांबली. अशी वेळ एकट्यादुकट्या मुलावर एका देणगीदाराच्या विसरण्यानेही येते, फक्त त्याची बातमी होत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक मुलामागे एका सत्राची रक्कम राखून ठेवतो. मुलानेच शाळा सोडली, तर तुमची रक्कम बुडाली असे समजू नये. शिवणकाम, सुतारकाम किंवा दुचाकी दुरुस्तीच्या प्रशिक्षणासाठी ती वळवता येते, आणि बऱ्याचदा तोच निर्णय शहाणपणाचा असतो.

परत आल्यावर काय करावे?

पंधरा दिवसांत पत्र लिहावे. मुलांची पत्रे एकसारखी असतात अशी तक्रार येते, आणि ती खरी आहे. 'मी बरा आहे, आमच्याकडे एक शेळी आहे, देव तुमचे भले करो.' पण नीट वाचल्यास पत्राच्या शेवटी बहुधा एक प्रश्न असतो, आणि देणगीदार आशीर्वाद देण्याच्या नादात त्याचे उत्तर द्यायचे विसरतात. पाचवीतल्या एका मुलीने ओळीने तीन पत्रांत विचारले होते, "तुमच्याकडे पाऊस कधी येतो?" तिचे देणगीदार पारनेरकडचे निवृत्त शिक्षक. मी भेटीहून आल्यावर त्यांना तिन्ही पत्रे पुढ्यात ठेवून दाखवली. त्यांनी उत्तर लिहिले की जूनमध्ये येतो, आणि काही वर्षी येतच नाही. पुढच्या पत्रात शेळी नव्हती. पावसाविना तुम्ही मका कधी पेरता, आणि बियाणे जपून कोठे ठेवता, एवढेच तिने विचारले होते.